27.78 : नानाकाकांची 'से शीक' डिजिटल करताना

11 जानेवारी 2025, शनिवार

ठाण्याहून नानाकाकांचा रेकॉर्ड प्लेअर, त्याचा ट्रान्सफॉर्मर आणि 14 एलपी आणल्या. गाडीच्या मागच्या सीटवर, मध्ये उशा खुपसून. खंडाळ्याच्या घाटात दर वळणाला मागे बघत होतो.

काम असं: 16 मार्चला काकांचं सहस्रचंद्रदर्शन. त्या दिवशी त्यांच्या अमेरिकेतल्या रेकॉर्ड्सपैकी निदान एक तरी पूर्ण, स्वच्छ ऐकवायची. कुठली ते ठरलेलंच होतं. काका न्यू जर्सीत होते तेव्हा, 1978 च्या हिवाळ्यात घेतलेली शीक या डिस्को बँडची 'से शीक'. अटलांटिक कंपनीची, हिरवं-केशरी लेबल, क्रमांक एसडी 19209. काका 1981 मध्ये परत आले तेव्हा ती ठाण्याला आली आणि आमच्या मे महिन्याच्या सुट्ट्यांमध्ये तिने धुमाकूळ घातला. कव्हरवरची अक्षरं आम्ही 'चिक' अशी वाचायचो. त्यामुळे घरात तिचं नाव 'खरवसाची रेकॉर्ड'. आजही ताई फोनवर तेच म्हणाली, "खरवसाची नेतोयस ना?"

आत्ताच हे काढायचं आणखी एक कारण. गेल्या महिन्यात, 17 डिसेंबरला, अल्फा अँडरसन गेल्या. या रेकॉर्डवरच्या दोन मुख्य गायिकांपैकी एक. बातमी वाचली तेव्हा लक्षात आलं, की आम्ही लहानपणी हा आवाज पुरुषाचा समजत होतो. तेव्हा त्याचं काही वाटलं नव्हतं, आज विचित्र वाटलं.

12 जानेवारी

धुलाई. ठाण्याचा पावसाळा कव्हरच्या आत शिरलाय. आतल्या कागदी पाकिटावर बुरशीचे करडे ठिपके, तेच 'बी' बाजूच्या शेवटच्या दोन गाण्यांवर. डिस्टिल्ड पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, घळीच्या (सुई चालते त्या खाचेच्या) दिशेने गोल गोल. लेबलवर पाणी जाऊ नये म्हणून प्लॅस्टिकचं झाकण दाबून धरलं. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. (जुन्या लाखेच्या 78 च्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. ही व्हिनाइल आहे, हिला चाललं असतं, पण साबणाने भागलं.) भांडी वाळत घालायच्या जाळीत उभी करून ठेवली. बायकोने जाळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ताटं ओट्यावर पालथी घातली.

18 जानेवारी

नवी सुई, नवा पट्टा. मोटर जुनीच, ती उत्तम आहे. 110 व्होल्टची, म्हणून काकांचा तो चार किलोचा ट्रान्सफॉर्मर लागतो.

रेकॉर्डिंगआधी वेग तपासला. काकांच्या सामानात कागदी स्ट्रोब चकती होती, कडेने रेघा छापलेली. ती फिरत्या थाळीवर ठेवायची आणि विजेच्या दिव्याखाली बघायची. दिवा सेकंदाला ठरावीक वेळा लुकलुकतो, वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. आमचे एलईडी दिवे या कामाचे नाहीत. स्वयंपाकघरात अजून चोकवाली जुनी ट्यूब आहे, तिच्याखाली प्लेअर नेला. रेघा ठार स्तब्ध. खूश झालो.

'ए' बाजू लावली. अगदी लहानपणी ऐकायचो तश्शीच. सुईचं वजन, स्टिरिओचा तोल, सगळं व्यवस्थित.

मग सहज त्यातल्या 'ल फ्रीक' या गाण्याची वेळ घेतली. लेबलवर 5:23. माझ्या घड्याळात 6:28.

19 जानेवारी

रात्री नीट झोप नाही. सकाळी हार्मोनियम काढला (बायको भजनी मंडळात वाजवते). 'ल फ्रीक' ए मायनरमध्ये आहे, म्हणजे आपली पांढरी सहा. आमच्या प्लेअरवर ते काळी तीनच्याही किंचित खाली बसतं. तीन अर्धस्वरांहून जरा जास्तच उतरलेलं.

उलगडा चहा पिताना झाला. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. अमेरिकेत वीज 60 हर्ट्झ, आपल्याकडे 50. ही मोटर विजेच्या आवर्तनांवर पावलं टाकते. सेकंदाला 60 ऐवजी 50 आवर्तनं मिळाली की ती सहापैकी पाचच पावलं चालणार. मिनिटाला 33⅓ फेऱ्यांचे 27.78 होतात.

आणि स्ट्रोब चकती? तीसुद्धा अमेरिकन. 60 हर्ट्झच्या दिव्यासाठी छापलेली, तिच्यावर 216 रेघा. 50 हर्ट्झच्या ट्यूबखाली 216 रेघा कुठल्या वेगाला स्थिर दिसतात याचं गणित केलं. 27.78. मोटर आणि चकती, दोघी एकाच खोट्या घड्याळावर चालत होत्या आणि एकमेकींना साक्ष देत होत्या. त्रेचाळीस-चव्वेचाळीस वर्षं.

म्हणजे आम्ही सगळी भावंडं ज्या गाण्यावर नाचलो, ते मिनिटाला साधारण 120 ठोक्यांचं गाणं आमच्या घरी 100 ठोक्यांनी वाजत होतं. बायकांचे आवाज पुरुषी का वाटायचे तेही कळलं.

25 जानेवारी

सोपा मार्ग: आहे त्या वेगात रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटीत (कॉम्प्युटरवरचा ध्वनिसंपादनाचा प्रोग्रॅम) वेग 1.2 पट करायचा. करून बघितलं. वेळ बरोबर, पट्टी बरोबर. पण झांज जरा जास्त उजळ, आणि खालचा भागही ओळखीचा नाही.

कारण रेकॉर्डवर आवाज कोरतानाच खर्ज दाबलेला आणि तार स्वर वाढवलेले असतात. वाजवताना प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र) नेमकं उलटं करून हिशोब फेडतो. त्याच्या वळणाच्या जागा ठरलेल्या, 50, 500 आणि 2122 हर्ट्झ. रेकॉर्ड हळू फिरली, की सगळे स्वर खाली सरकून चुकीच्या जागी वळण घेतात. नंतर वेग वाढवला तरी ती चूक तशीच वर जाते. फरक दीड डेसिबलच्या आतला. कोणाला कळणार नाही, हे मान्य. पण एकदा कळल्यावर मला तेवढाच ऐकू येतोय.

तेव्हा पुली (मोटरवरची, पट्टा फिरवणारी चाकी) बदलायची.

2 फेब्रुवारी

मोटरची पुली कॅलिपरने मोजली. व्यास 11.0 मिमी. 50 हर्ट्झसाठी 1.2 पट, म्हणजे 13.2. पितळेची, मधोमध केसभर फुगीर हवी, नाहीतर पट्टा घसरतो. नाना पेठेतल्या एका लेथवाल्या काकांकडे जुनी पुली नमुन्याला घेऊन गेलो. त्यांनी ती बोटांत फिरवली. "कशाची आहे?" म्हटलं, गाण्याच्या मशिनची. "गाणं हळू चाललंय की जोरात?" हळू. "मग मोठी लागंल." त्यांना दहा सेकंद लागली, मला एक रात्र.

8 फेब्रुवारी

नवी पुली बसवली. 50 हर्ट्झसाठीची 180 रेघांची चकती छापून घेतली होती. ट्यूबखाली ठेवली, तर रेघा हळूहळू मागे सरकतायत. 'ल फ्रीक' 5:27 च्या पुढे. सव्वा टक्क्याहून जास्त हळू.

चूक माझी. पट्ट्यालाही जाडी असते, बरोबर 1 मिमी. पट्टा पुलीच्या पृष्ठभागावर नव्हे, स्वतःच्या जाडीच्या मध्यावर चालतो. म्हणजे हिशोब 11 चा नव्हता, 12 चा होता. 12 गुणिले 1.2, 14.4. त्यातून पट्ट्याचा 1 वजा. हवी होती 13.4, केली 13.2. कापलेलं पितळ वाढवता येत नाही, नवी करावी लागणार. लेथवाले काका: "पट्टा आणायचा होता ना सोबत." दुसऱ्या पुलीचे पैसे घेईनात. तिळगुळाचा डबा देऊन आलो, रथसप्तमी झाली होती तरी.

15 फेब्रुवारी

13.4 बसवली. 180 रेघा स्तब्ध. या वेळी दुसरा साक्षीदारही तपासला: हार्मोनियम. पांढरी सहा.

मग काही रेकॉर्ड न करता नुसती 'ए' बाजू ऐकली, उभ्यानेच.

16 फेब्रुवारी

'ए' बाजू रेकॉर्ड. 24 बिट, 96 किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे 96 हजार नमुने), सर्वात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या खाली. चार गाणी, 19 मिनिटं आणि वर काही सेकंद.

पहिलं 'शीक चिअर', गर्दीचा गलका आणि टाळ्या, जणू बँड मैदानात उतरतोय. मला ते कायम भरतीचं वाटायचं. आज तसं वाटलं नाही. टोनी थॉम्प्सनचा ड्रम. लहानपणी त्यात नुसता जडपणा ऐकू यायचा. खऱ्या वेगात तोच ठोका जड असून चपळ आहे, पैलवान फुगडी घालतोय तसा. त्याचा आवाज इतका मोठा आणि मोकळा टिपलाय त्याचं श्रेय ध्वनिमुद्रक बॉब क्लिअरमाउंटन आणि पॉवर स्टेशन स्टुडिओला. न्यूयॉर्कच्या 53 व्या रस्त्यावर, वीज कंपनीच्या जुन्या इमारतीत 1977 मध्ये उभा राहिलेला स्टुडिओ. विजेच्या भानगडीने छळलेल्या रेकॉर्डचं जन्मस्थान वीजघर असावं, याला काय म्हणायचं.

'ल फ्रीक'. याची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे, पण माझ्या भाच्याला नव्हती, म्हणून त्याला सांगितली ती इथेही. 31 डिसेंबर 1977 ची रात्र. ग्रेस जोन्सने गिटारवाला नाइल रॉजर्स आणि बासवाला बर्नर्ड एडवर्ड्स यांना स्टुडिओ 54 या क्लबात बोलावलेलं. यांचंच गाणं आत वाजत होतं, आणि दारवानाने यांना आत सोडलं नाही. यादीत नाव नव्हतं. दोघे चालत नाइलच्या घरी गेले, शॅम्पेन उघडली, आणि त्या दारवानाला उद्देशून एक शिवी तालात म्हणत वाजवत बसले. शिवी रेडिओवर चालणार नाही म्हणून तिचं 'फ्रीक आउट' झालं. 1978 च्या डिसेंबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, उतरलं, परत चढलं, असं तीनदा करून एकूण सहा आठवडे तिथे राहिलं. आता ते तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात आहे. त्या दारवानाचे आभार कोणी मानल्याचं ऐकिवात नाही.

भाच्याला गोष्टीपेक्षा गिटारमध्ये रस. पहिल्या चार मात्रांतच म्हणाला, "हा 'गेट लकी'वाला आहे!" तोच. डाफ्ट पंकच्या 2013 च्या त्या गाण्यातला नाइल रॉजर्स. मधल्या काळात त्याने बोवी आणि मडोनाचे अल्बमही केले, पण हाताची ढब तीच.

ती ढब मला आज पहिल्यांदा नीट दिसली, म्हणून जरा सविस्तर. त्याचा उजवा हात थांबतच नाही. प्रत्येक ठोक्याला चार फटके, वर-खाली. बरेचसे फटके 'मुके' असतात, कारण डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकलेली असतात, दाबलेली नाहीत. मधेच बोटं दाबली जातात आणि स्वर फुटतो, लगेच सुटतात. ऐकू येतो तो स्वर, पण गाणं पुढे ढकलतात ते मधले खरखरीत, बिनस्वराचे फटके. त्याला ते लोक 'चकिंग' म्हणतात. नाइल आधी जाझ वाजवायचा, मोठ्या पोकळ गिटारवर. ही रीत त्याला बर्नर्डने दाखवली, आणि स्ट्रॅटोकॅस्टर ही भरीव इलेक्ट्रिक गिटार घ्यायलाही त्यानेच लावली. आता हिशोब: मिनिटाला 120 ठोके म्हणजे सेकंदाला आठ फटके. आमच्या ठाण्याच्या वेगात सात सुद्धा भरत नव्हते. आठला ते फटके एकमेकांत मिसळून सळसळ होते. सातच्या खाली आले की सुटे सुटे, मोजता येतील असे पडतात. आम्ही आयुष्यभर सळसळीचे सुटे दाणे ऐकले.

पुढचं 'सावार फेअर' नुसतं वाद्यांचं आहे, त्यावर नाइल अगदी निराळा, गुळगुळीत वाजवतो. 'हॅपी मॅन'बद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दोन्ही एका झटक्यात निघाली, क्लिक फार नाहीत.

23 फेब्रुवारी

'बी' बाजू. साधारण 22 मिनिटं. आतल्या गाण्यांना बुरशीशिवाय दुसरा त्रास: थाळीचे फेरे तेवढेच, पण कडेला सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटिमीटर घळ सरकते, लेबलाजवळ त्याच्या निम्म्याहूनही कमी. तेवढ्याच आवाजाला जागा कमी, म्हणून तार स्वर चिरकतात. म्हणूनच बहुधा शेवटी 'फनी बोन' हे बिनगाण्याचं गाणं टाकलंय. हा माझा तर्क.

'आय वाँट युअर लव्ह'मधल्या घंटा! उभ्या नळ्यांच्या, चर्चच्या घंटांसारख्या. आमच्याकडे त्या देवळातल्या जड घंटेसारख्या वाजायच्या, आता लखलखीत. गायिका अल्फा अँडरसन. ती अजिबात जोर लावत नाही. सोल संगीत म्हटलं की गळा फाडून आर्त गायचं, असा समज असतो. ही मात्र मागणं मागतानाही पाठ ताठ ठेवते. पुढे ती शाळेची मुख्याध्यापिका झाली हे वाचल्यापासून मला त्या आवाजात हजेरीपट ऐकू येतो.

मग 'अॅट लास्ट आय ॲम फ्री'. सात मिनिटं आठ सेकंद. डिस्कोच्या अल्बममध्ये इतकं संथ गाणं ठेवायची छाती यांनाच. नाव 'अखेर मी मोकळी', आणि गाते अशी की सुटका झाली की सगळंच सुटलं, कळू नये. नाइल पोरवयात ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेत होता. त्यामुळे ही मोकळीक फक्त प्रेमातली आहे असं मी तरी धरून चालत नाही. 1980 मध्ये रॉबर्ट वायट या इंग्रज गायकाने हेच गाणं अगदी विरक्त करून म्हटलंय. ज्यांना डिस्को म्हणजे नुसता चकचकाट वाटतो त्यांनी दोन्ही ऐकावीत. 12 जुलै 1979 ला शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड्सची पेटी स्फोटाने उडवली, त्या ढिगात ही सुद्धा असू शकेल.

1 मार्च

क्लिक काढणं. दोन रात्री गेल्या.

ऑडॅसिटीचं आपोआप क्लिक काढणारं साधन चालवलं आणि 'ल फ्रीक'मधल्या टाळ्या गायब. त्याच्या लेखी टाळी म्हणजे क्लिकच, एकदम उठणारा आणि एकदम पडणारा आवाज. नाइलच्या मुक्या फटक्यांचीही तीच गत, गिटार एकदम बुळबुळीत. सगळं मागे घेतलं. एक-एक क्लिक हाताने. लहर मोठी करून बघायची, काटा दिसला की तेवढाच भाग निवडून 'रिपेअर'. ते एका वेळी जास्तीत जास्त 128 नमुने सांधतं, म्हणजे 96 किलोहर्ट्झला सेकंदाचा साडेसातशेवा भाग. काटा आणि टाळी ओळखायची खूण: काटा दोन्हीपैकी एकाच कानात असतो किंवा दोन्हींत वेगळा दिसतो, टाळीला मागे शेपूट असतं, खोलीचं.

'ए' बाजूला 61 दुरुस्त्या. 'बी'ला 214. बुरशीची कृपा. त्यातली 'अॅट लास्ट'च्या चौथ्या मिनिटातली एक तशीच ठेवली, ती बरोबर अल्फाच्या श्वासावर आहे. क्लिक काढला की श्वास जातो.

8 मार्च

ताई पुण्यात आली होती. तिला 'बी' बाजू ऐकवली, मोठ्या अभिमानाने. घंटांना हसली, 'किती गोड' म्हणाली. 'अॅट लास्ट' सुरू झालं आणि ती गप्प. मला वाटलं, भारावली.

संपल्यावर म्हणाली, "छान आहे रे. पण हे आमचं नाही."

तिने सांगितलेलं मला माहीत नव्हतं. दहावीच्या वर्षी काकू दवाखान्यात होत्या, ही घरी एकटी. रोज रात्री हे एकच गाणं लावून झोपायची. तिच्या कानात ते एका भारदस्त, दमलेल्या माणसाचं गाणं आहे. "ही बाई कोण? ही तर लगेच उठून कामाला लागेल."

तिला गणित सांगायला गेलो. 428 सेकंद गुणिले 1.2... तिने चहाचा कप पुढे केला.

16 मार्च

ठाणे. सकाळी होम, औक्षण, दुपारी जेवणं. चारच्या सुमारास माणसं पांगल्यावर काकांना आरामखुर्चीत बसवून 'ए' बाजू लावली, मोबाइलवरून भाच्याच्या स्पीकरवर. लाजिरवाणं साधन, पण चाललं.

'ल फ्रीक' लागल्यावर काका म्हणाले, "हां. हे असं होतं." जरा वेळाने, "तिकडे त्या हिवाळ्यात गाडीच्या रेडिओवर दर तासाला हेच."

म्हटलं, काका, इथे ते हळू वाजायचं हे तुम्हाला कळलं नव्हतं?

"पहिल्या दिवशीच कळलं. वाटलं, मोटर गेली बोटीत. म्हणून तर मी परत लावली नाही कधी." हे खरं होतं. रेकॉर्ड लावायचो ते आम्हीच. काका पेपर घेऊन गॅलरीत जायचे, आम्हाला वाटायचं आवाजाचा त्रास होतो. "मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही पोरं नाचत होतात की."

खुर्चीच्या हातावर दोन बोटं, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला. ताई माझ्याकडे बघत होती, मी स्पीकरकडे.

22 मार्च

ताईसाठी. 13.4 ची पुली काढली, जुनी 11 ची परत बसवली. ट्रान्सफॉर्मर, तोच प्रीअँप, कुठलीही दुरुस्ती नाही, क्लिक सुद्धा नाही काढायचे. दीड डेसिबलची चूकही हवीच आहे. 'बी' बाजू, दुसरं गाणं. 8:34. फाइलचं नाव 'अॅट लास्ट - ताई'.

सुरू करण्याआधी सवयीने प्लेअर स्वयंपाकघरात नेला आणि ट्यूबखाली काकांची 216 रेघांची चकती ठेवली. रेघा ठार स्तब्ध.